पद्मिनीच्या प्लग वायरी: काळी, लाल की तांब्याची?

सातारी_पद्मिनी

नमस्कार मंडळी. घरी १९८९ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. रविवारी एक फेरी, दसऱ्याला हार, एरवी ती दारात बसून असते. पाऊस सुरू झाल्यापासून तिने नवीन खोड काढलीय. सपाटीला व्यवस्थित. यवतेश्वरचा घाट लागला आणि तिसऱ्यावर जरा दाबली, की फट् फट् करून मिस मारते, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकतो. दुसरा टाकून नमतं घेतलं की निमूट चढते.

प्लग नवे आहेत. पॉइंटला गॅप लावलाय. कार्बोरेटर मागच्या महिन्यात साफ केला. फिटर म्हणतो, प्लगला व्होल्टेज पोचवणाऱ्या वायरी गेल्या. दुकानात गेलो तर मालकाने दोन सेट काउंटरवर टाकले: साध्या काळ्या साडेतीनशेला आणि जाड लाल आठ एमएम सिलिकॉनच्या बावीसशेला. "साहेब, लाल घ्या, रेसिंगच्या आहेत." पद्मिनी आणि रेसिंग! फिटरचं तिसरंच. तो म्हणतो, तांब्याची वायर मीटरवर आण, मी बनवून देतो, कॉपरला तोड नाही. आणि बाबा म्हणतात, एवढी वर्षं चालली ना, मग हात कशाला लावायचा.

तर यातलं काय घ्यावं? की मुळात वायरी बदलायची गरजच नाही?

नट_ढिला

मिस मारते म्हणजे लग्नाआधीची सवय आहे. मिसेस मारायला लागली की धागा काढा.

कुंभारवाडा

@नट_ढिला, हा विनोद पद्मिनीपेक्षा जुना आहे आणि याची पासिंग कधीच संपली आहे.

गेज_वीस

आधी मीटर लावा, मग पैसे काढा. दोनशे रुपयांचा मल्टिमीटर मिळतो.

निवृत्त_रोहित्र

वर म्हटलंय ते बरोबर. जरा विस्ताराने लिहितो, नोकरीभर व्होल्टेजशीच संबंध आला.

वायरीचे मुख्य तीन प्रकार. पहिला, आत तांब्याचे तंतू. अडथळा जवळपास शून्य. दुसरा, आत कार्बन मुरवलेला धागा. बाजारात मिळणाऱ्या साध्या काळ्या वायरी बहुधा याच. यांचा अडथळा मीटरला साधारण १० ते २० किलो ओहम, म्हणजे आपल्या हातभर लांबीच्या वायरीला ४ ते ८. तिसरा, बारीक तार एका गाभ्यावर गुंडाळलेली, स्प्रिंगसारखी. हिचा अडथळा कार्बनपेक्षा कमी, पण गुंडाळीमुळे रेडिओची खरखर मात्र दाबली जाते. चांगल्या सिलिकॉन सेटमध्ये पुष्कळदा ही असते.

लोकांना वाटतं, अडथळा म्हणजे करंट कमी, म्हणजे ठिणगी मेलेली. तसं नाही. प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी पडेपर्यंत वायरीतून करंट जवळपास वाहतच नाही. करंट नाही तर अडथळ्यात व्होल्टेज खर्च कशात होणार? बॅटरीचं व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलचे पंधरा-वीस हजार व्होल्ट जवळजवळ तसेच प्लगच्या टोकाशी पोचतात. ठिणगी उडाल्यावर जो करंट वाहतो तो इतका थोडा, की पाच-सहा किलो ओहमने त्याचं बिघडत नाही. पन्नास किलो झाले, किंवा आत तुटलं, की मग बिघडतं.

मग अडथळा ठेवतात कशाला? ठिणगी म्हणजे रेडिओ ट्रान्समीटर. मार्कोनीने सुरुवातीला संदेश पाठवले ते ठिणगीनेच. तुमच्या बोनेटखाली चार छोटे मार्कोनी बसलेत, त्यांना गप्प करायला तो अडथळा.

उद्यमनगर_के

काका, पुस्तकात बरोबर असंल. आमच्या आज्ज्याच्या गाडीला कॉपर होती, वडलांच्या गाडीला कॉपर, माझ्या गाडीला बी कॉपरच हाय. एकदा बसवली की विषय कट. कार्बनची वायर फिटरनं जरा खसकन ओढली की आतनं तुटती, बाहेरनं नवी कोरी दिसती. रस्त्यात गंडवती ती हीच. आणि रेडिओचं म्हणाल तर पद्मिनीच्या आवाजात रेडिओ ऐकतंय कोण?

निवृत्त_रोहित्र

@उद्यमनगर_के, ओढली की तुटते हे शंभर टक्के मान्य. म्हणून वायर धरून ओढायची नाहीच. टोकाचा रबरी बूट धरायचा, जरा पिळायचा, मग काढायचा. कॉपर वाईट असं मी म्हणत नाहीये. उघडी कॉपर नको, टोकाला पाच किलो ओहमची रेझिस्टर कॅप, म्हणजे आत अडथळा असलेली टोपी हवी, किंवा प्लग तरी रेझिस्टरचे.

गेज_वीस

प्लगच्या नंबरात आर आहे का बघा. एनजीकेचा बीपी५ईएस साधा, बीपीआर५ईएस रेझिस्टरवाला. बऱ्याच जणांना माहीतच नसतं की आपल्याकडे कुठला बसलाय.

साळसूद

पुण्यात यावर व्याख्यानमाला होईल. विषय: 'तांबे, कार्बन आणि आपण'. तिकीट नाही, पण वेळेवर या.

गे_माय_कार

मालवणात जुलैत पद्मिनी ठेवून बघा, मग कळता वायर काय चीज असता ता. माझ्या मामाकडे होती. सकाळी चोक ओढून दहा मिनिटं सेल्फ मारायचा, बॅटरी बसायची, मग आम्ही पोरं ढकलायला.

एक रामबाण उपाय सांगते, फुकटातला. रात्री अंगणातला दिवा बंद करा. बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि इस्त्रीसाठी पाणी मारायची बाटली असते ना, तिने वायरींवर अगदी बारीक फवारा मारा. भिजवू नका, नुसतं दव पडल्यासारखं. वायर फुटली असेल तर निळसर जांभळ्या रेषा दिसतात, वायरीवरून सरपटत शेजारच्या लोखंडावर उडी मारतात, आणि चट् चट् असा आवाज येतो. मामाच्या गाडीत पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. घाबरूक झाला होता, आणि डोळे हटत पण नव्हते. चारपैकी दोन वायरी अशा चमकत होत्या, जणू काजवे बसलेत.

हात लांब ठेवा. ओढणी, पदर, साखळी, सगळं फॅनच्या पट्ट्यापासून दूर. आणि शॉक जीव घेत नसला तरी माणूस दचकून डोकं बोनेटला आपटतो, टाके तिथे पडतात.

कुंभारवाडा

@गे_माय_कार, ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी बोनेटजवळ जाऊच नये हेही लिहा.

गे_माय_कार

हो, ते राहिलं. धन्यवाद.

सातारी_पद्मिनी

बाप रे, एवढे प्रतिसाद! फवारा आज रात्रीच मारतो. मीटर शेजाऱ्याकडून आणलाय. कुठल्या रेंजवर लावायचा?

गेज_वीस

वीस किलो ओहमवर. वायर दोन्हीकडून काढायची. एका वेळी एकच काढा आणि लगेच परत लावा, नाहीतर कोणती कुठली ते विसराल. मोजताना वायर हलवून, वाकवून बघा. आकडा नाचला तर आत तुटलीय.

विकून_टाक

मला एक कळत नाही. वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी एवढं? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग, वर हरित कर, पीयूसी आहेच. त्या पैशात चांगली सेकंडहँड अल्टो येईल, घाट हसत चढेल.

उद्यमनगर_के

आयडी बघून बोलणं रास्त वाटतंय.

सातारी_पद्मिनी

@विकून_टाक, अल्टो आहे की घरात. तिच्यासाठी कधी धागा काढावासा वाटला नाही.

काळीपिवळी_२

आमच्याकडे वडिलांची टॅक्सी होती, मुंबईला. पद्मिनी कुर्ल्याला बनायची आणि आमचा स्टँड दादरला, म्हणजे गाडी माहेराजवळच नांदली म्हणायची. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरून रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी वडील टीव्हीसमोरून उठले नाहीत. असो, अवांतर झालं.

मुद्दा सीएनजीचा. गाडीला किट असेल तर वायरीचा विचार वेगळा करावा लागतो. गॅसला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर झकास चालणारी वायर गॅसवर टाकली की मिस मारते, कारण वाढलेलं व्होल्टेज दुबळ्या जागेतून बाहेर पळतं. वडील प्लगचा गॅप थोडा कमी ठेवायचे आणि वायरी वेळ भरायच्या आत बदलायचे. त्यांचा नियम: वायर बोटात वाकवायची, कडक लागली किंवा बारीक भेगा दिसल्या की गेली. स्वस्त पीव्हीसीच्या वायरी इंजिनाच्या उष्णतेने पापडासारख्या कडक व्हायच्या. सिलिकॉन मऊ राहतं. त्यामुळे सिलिकॉन घ्या, पण सात एमएम. आठ नको.

साळसूद

आठ का नको? जाड ते चांगलं नाही का? ठिणगी जाड येत असेल.

काळीपिवळी_२

जाडी सगळी बाहेरच्या रबराची. आतून जायचं तेवढंच जातं. आठवाली आपल्या क्लिपांत बसत नाही, मग लोक क्लिपा काढून टाकतात आणि वायरी एकमेकींवर लोळतात. तिथून खरी गंमत सुरू.

निवृत्त_रोहित्र

ही गंमत नीट समजून घ्या, कारण ती चार सिलिंडरच्या गाडीत फसवते. पद्मिनीची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. म्हणजे तीननंतर लगेच चार, आणि दोननंतर लगेच एक. तीन-चार शेजारी, एक-दोन शेजारी. या जोडीच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून समांतर गेल्या, तर तीनमध्ये ठिणगी पडताना चारमध्येही ठिणगी पडू शकते. त्या क्षणी चारमधला पिस्टन अजून वर यायच्या वाटेवर असतो. पेट्रोल वेळेआधी पेटतं, इंजिन ठोकतं. माणूस टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावत बसतो आणि दोष वायरीच्या मांडणीत असतो. या जोड्या वेगळ्या ठेवा, एकमेकींना ओलांडायच्या असतील तर फुलीसारख्या ओलांडू द्या.

नट_ढिला

काका, तुमच्यासमोर विनोद करायची लाज वाटायला लागली आहे.

ठिपक्यांची_रांगोळी

मी इंग्लंडमध्ये लीड्सला असते, नवऱ्याची जुनी मॉरिस मायनर आहे. (इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती नाही, म्हणून अशा गाड्या टिकतात. @विकून_टाक, वाचा.) आमच्याकडे कॉपर वायर आणि टोकाला रेझिस्टर कॅप हेच चालतं, आणि त्याला एक कारण आहे जे वर कुणी लिहिलं नाही.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग. काही जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये, म्हणजे झाकणात, वायर नुसती खोचायची नसते. बाजूने किंवा आतून एक टोकदार स्क्रू वायरीत शिरतो आणि तांब्याच्या तंतूंना भिडतो. तिथे कार्बनची वायर लावली तर तो स्क्रू धाग्याला छेदून जातो, धड पकडत नाही. काही दिवस चालते, मग मिस मारते. तेव्हा आधी कॅप बघा. पितळी टोपीवाली वायर खोचायचे खळगे आहेत की स्क्रू? निवड तिथेच निम्मी होते.

सातारी_पद्मिनी

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या कॅपला खळगे आहेत, वायर दाबली की टक् करून बसते. कॅप बाबांनी मागे कधीतरी बदललेली आहे.

आता आकडे, किलो ओहममध्ये. पहिली ५.९, दुसरी ६.४, चौथी ७.८. कॉइलपासून कॅपला येणारी ४.१. तिसरी आधी ६.६ दाखवत होती. म्हटलं सगळं ठीक आहे, फिटरने फसवलं. मग @गेज_वीस म्हणाले तशी वाकवली, तर आकडा थेट गायब. सोडली की परत ६.६. बूट मागे सरकवून पाहिलं: पितळी टोपीत हिरवी बुरशी, आणि धागा जिथे टोपीला टेकतो तिथे जळून काळा, काडेपेटीच्या विझलेल्या काडीसारखा.

फवाराही मारला. बायको टॉर्च बंद करून उभी होती. वायरींवर काही दिसलं नाही, पण कॅपच्या तीन नंबरच्या खळग्यापाशी एक बारीक निळी रेघ दोनदा चमकून गेली.

गे_माय_कार

कॅप काढा! आतून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल.

काळीपिवळी_२

वायर आत जळाली की व्होल्टेज दुसरी वाट शोधतं. बहुतेक आधी वायर मेली, मग कॅपला रेघ पडली. नुसती वायर बदलली असतीत तर पंधरा दिवसांनी हाच धागा परत वर आला असता.

उद्यमनगर_के

कॉपर असती तर धागा जळाला असता का? इचारतोय आपलं.

निवृत्त_रोहित्र

जळाला नसता. :) हा मुद्दा तुमचा. पण टोपी हिरवी पडली असती, आणि तीही ठिणगी अडवतेच.

सातारी_पद्मिनी

काळी रेघ सापडली. तीन नंबरच्या पितळी टोकापासून निघून कॅपच्या कडेकडे, केसाएवढी. नखाने खरवडून जात नाही. बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "मी सांगत होतो, वायरी ठीक आहेत." एक वायर जळालेली आहे हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

साळसूद

सांगू नका. घरातली शांतताही महत्त्वाची.

गेज_वीस

कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर जोडीने बदला. रोटरच्या टोकाचं पितळ झिजलेलं असणार. आणि एकच वायर नको, पूर्ण सेट घ्या. बाकीच्या चार तिच्याच वयाच्या आहेत.

पाऊणलाख

डुप्लिकेटबद्दल कुणी बोलत नाहीये. मी मागच्या वर्षी एक सेट घेतला, खोका चकचकीत, होलोग्राम बिलोग्राम. घरी कापून पाहिली (हो, मी असली कामं करतो) तर वायरीवर 'सिलिकॉन' छापलेलं आणि बाहेरचं आवरण लायटर धरताच वितळून ठिबकलं. सिलिकॉन असं ठिबकत नाही, जळून पांढरी राख होते. दुकानदाराचं नाव लिहीत नाही, त्याने सेट परत घेतला. तेव्हा दुकानातच मीटर लावा. चारही वायरींचा अडथळा लांबीच्या प्रमाणात यायला हवा. लांब वायरीचा कमी आणि आखूड वायरीचा जास्त दिसला तर खोका परत करा.

काळीपिवळी_२

मुंबईत असाल तर ऑपेरा हाउसला मिळेल. पुणेकरांनी नाना पेठ पालथी घालावी. साताऱ्याहून पुणंच जवळ.

ठिपक्यांची_रांगोळी

आणि लांबी! तयार सेट कुठल्या गाडीचा आहे ते बघा. जुनी वायर सुतळीने मोजून न्या. आखूड पडली तर ताणून लागते, बूट उचकटतो. फार लांब असेल तर एक्झॉस्टवर टेकून भाजते.

सातारी_पद्मिनी

दहा दिवसांनी लिहितोय. गेल्या शनिवारी नाना पेठेत गेलो, खिशात मीटर आणि सुतळीचे पाच तुकडे, प्रत्येकाला गाठी मारलेल्या. दुकानदार आधी हसला, मग त्यानेच मीटर हातात घेतला. सात एमएमचा सिलिकॉन सेट, आत गुंडाळलेली तार, साडेअकराशे. सर्वांत लांब वायर १.९ किलो. कॅप आणि रोटर वेगळे. लाल नव्हता, निळा मिळाला, बाबांना आवडला नाही.

एक एक करून बदलल्या. तीन-चार वेगळ्या क्लिपांतून नेल्या, एक-दोन वेगळ्या. मग काल घाट. धुकं, रिपरिप पाऊस, एक वायपर अर्ध्यात थांबणारा. नेमक्या त्या वळणावर तिसऱ्यावरच दाबली. काही नाही. चढली. बाबा शेजारी बसले होते, त्यांनी नुसता खिडकीतून हात बाहेर काढला.

आणि रेडिओ. सातारा आकाशवाणी खरखर न करता लागलं. पुष्कळ वर्षांनी.

उद्यमनगर_के

अभिनंदन. जुन्या वायरी टाकल्या का?

सातारी_पद्मिनी

तिसरी टाकली. बाकीच्या बाबांनी पिशवीत घालून डिकीत ठेवायला लावल्यात. सोबत जुनी कॅपही. तिला रेघ आहे म्हटलं, तर म्हणाले, अडीअडचणीला तीन सिलिंडरवरही घरी येते.

नट_ढिला

त्या अर्ध्यात थांबणाऱ्या वायपरचा धागा कधी?